व्हाइटचॅपलचे खून : अकरा प्रकरणे आणि पाचांचा आकडा

लंडनच्या पूर्व भागातील व्हाइटचॅपल आणि त्याला लागून असलेल्या वस्त्यांत एप्रिल १८८८ ते फेब्रुवारी १८९१ या काळात अकरा स्त्रियांचे मृत्यू झाले. पोलिसांच्या दप्तरात त्यांची नोंद ‘व्हाइटचॅपलचे खून’ अशी एकत्र आहे. यांतील पाच खून एकाच माणसाने केले असे सर्वसाधारणपणे मानले जाते. तो माणूस ‘जॅक द रिपर’ या नावाने जगाला माहीत आहे. अकरांपैकी एकाही प्रकरणात कोणावर गुन्हा सिद्ध झाला नाही. खुनी कोण होता, हा प्रश्न गेली सव्वाशेहून अधिक वर्षे चर्चेत आहे. त्याने नेमके किती खून केले, हा प्रश्नही तितकाच अनिर्णित आहे. पाचांचा रूढ आकडा न्यायालयाने ठरवलेला नाही. तो एका डॉक्टरच्या अहवालावर आणि एका पोलीस अधिकाऱ्याच्या टिपणावर उभा आहे.

वस्ती

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनचा ईस्ट एंड हा गोदी कामगार, फेरीवाले, शिंपी, चांभार, खाटीक आणि रोजंदारीवरच्या मजुरांचा भाग होता. आयर्लंडमधून आलेली कुटुंबे तेथे आधीपासून होती. १८८१ नंतर रशियन साम्राज्यात ज्यूंवर हल्ले सुरू झाले, तेव्हा पूर्व युरोपातील हजारो ज्यू निर्वासित याच वस्तीत येऊन राहिले. काम कमी आणि हात जास्त अशी स्थिती होती. काडेपेट्या घरी बनवणाऱ्या बायकांना १४४ पेट्यांमागे सुमारे सव्वादोन पेनी मिळत. जुलै १८८८ मध्ये बो भागातील ब्रायंट अँड मे या काडेपेटीच्या कारखान्यातील मुलींनी संप केला. पहिले खून त्याच वर्षीचे आहेत.

ज्यांना खोली परवडत नसे, ते ‘कॉमन लॉजिंग हाऊस’मध्ये रात्रीपुरती खाट भाड्याने घेत. एका खाटेचे भाडे चार पेनी होते. पैसे रोजच्या रोज भरावे लागत आणि ते नसतील तर मध्यरात्रीही बाहेर काढले जाई. १८८८ च्या पोलीस अंदाजानुसार व्हाइटचॅपल भागात अशी २३३ घरे होती आणि त्यांत सुमारे ८,५०० माणसे राहत होती. त्याच अंदाजात ६२ कुंटणखाने आणि सुमारे १,२०० वेश्या अशी नोंद आहे. मात्र रात्री रस्त्यावर दिसणारी प्रत्येक गरीब स्त्री वेश्याच, असे पोलीस आणि वृत्तपत्रे सहज गृहीत धरत. खून झालेल्या काही स्त्रिया अधूनमधून वेश्याव्यवसाय करत असल्याचे चौकशीत आले. काहींच्या बाबतीत तसा ठोस पुरावा नाही, हे हॅली रुबेनहोल्ड यांनी २०१९ च्या ‘द फाइव्ह’ या पुस्तकात मांडले आहे. पाचांपैकी चौघी चाळिशी ओलांडलेल्या होत्या. त्यांचे संसार मोडलेले होते, दारूचे व्यसन कमी-अधिक होते आणि रात्रीच्या निवाऱ्याची खात्री नव्हती.

पहिले दोन मृत्यू

३ एप्रिल १८८८ च्या पहाटे एमा स्मिथ हिच्यावर ऑस्बर्न स्ट्रीटजवळ हल्ला झाला. दुसऱ्या दिवशी लंडन हॉस्पिटलमध्ये तिचा मृत्यू झाला. मरण्यापूर्वी तिने दोन-तीन पुरुषांनी मारहाण करून लुटल्याचे सांगितले होते. त्यामुळे हे काम एखाद्या टोळीचे असावे असे मानले जाते आणि पुढील खुनांशी त्याचा संबंध बहुतेक अभ्यासक लावत नाहीत.

७ ऑगस्टच्या पहाटे जॉर्ज यार्ड बिल्डिंग्ज या चाळवजा इमारतीच्या जिन्यावर मार्था टॅब्रम मृत आढळली. तिच्या अंगावर ३९ वार होते. त्यांतील एक वार वेगळ्या, अधिक मजबूत शस्त्राचा असावा असे तपासणाऱ्या डॉक्टर किलीन यांचे मत पडले. आदल्या रात्री ती एका सैनिकाबरोबर दिसली होती. म्हणून टॉवर ऑफ लंडन आणि वेलिंग्टन बराकीत सैनिकांची ओळखपरेड घेतली गेली, पण त्यातून काही निष्पन्न झाले नाही.

ऑगस्ट ते सप्टेंबर : चार खून

३१ ऑगस्ट १८८८ रोजी पहाटे पावणेचारच्या सुमारास बक्स रो या अंधाऱ्या रस्त्यावर मेरी ॲन निकोल्स हिचे प्रेत कामावर निघालेल्या दोन गाडीवानांना दिसले. ती ४३ वर्षांची होती. एका छापखान्यातील कामगाराशी लग्न होऊन तिला पाच मुले झाली होती. नवऱ्यापासून वेगळी झाल्यावर तिची वर्षे अनाथ-निराधारांच्या वर्कहाऊसमध्ये आणि लॉजिंग हाऊसमध्ये गेली. त्या रात्री खाटेचे पैसे नसल्याने तिला बाहेर काढण्यात आले होते. तिचा गळा चिरलेला होता आणि पोटावर खोल वार होते.

८ सप्टेंबर रोजी सकाळी सहाच्या सुमारास २९ हॅनबरी स्ट्रीट येथील घराच्या मागील अंगणात ॲनी चॅपमन मृत आढळली. तिचा पती विंडसर परिसरात खासगी घोडागाडीचा चालक होता. तो दर आठवड्याला पाठवत असलेले दहा शिलिंग १८८६ च्या अखेरीस त्याच्या मृत्यूबरोबर थांबले. खुन्याने तिचे गर्भाशय काढून नेले होते. पोलीस शल्यचिकित्सक जॉर्ज बॅगस्टर फिलिप्स यांनी या कामात शरीररचनेची माहिती दिसते असे मत दिले. मृत्यूच्या वेळेबद्दल मात्र पुरावा जुळत नव्हता. फिलिप्स यांच्या अंदाजाप्रमाणे मृत्यू साडेचारच्या आधीचा होता. पावणेपाचच्या सुमारास त्याच अंगणाच्या पायरीवर बसलेल्या घरमालकिणीच्या मुलाला प्रेत दिसले नव्हते. एलिझाबेथ लाँग या साक्षीदार स्त्रीने तर साडेपाचला चॅपमनला एका पुरुषाशी बोलताना पाहिल्याचे सांगितले. डॉक्टर खरे मानावेत की साक्षीदार, यावर खुन्याचे वर्णन मिळाले की नाही हे ठरते.

याच सुमारास ‘लेदर एप्रन’ या टोपणनावाच्या, बायकांना धमकावणाऱ्या माणसाची अफवा पसरली. अंगणात कातडी एप्रन सापडल्याने ती आणखी वाढली. तो एप्रन घरमालकिणीच्या मुलाचाच निघाला. १० सप्टेंबरला जॉन पायझर या ज्यू चांभाराला पकडण्यात आले. दोन्ही खुनांच्या वेळी तो दुसरीकडे होता हे सिद्ध झाले आणि चौकशीत त्याला निर्दोष ठरवण्यात आले. तोपर्यंत वस्तीत ज्यूंविरुद्ध संताप बराच पेटला होता.

३० सप्टेंबरच्या रात्री एका तासाच्या आत दोन खून झाले. रात्री एकच्या सुमारास बर्नर स्ट्रीटवरील कामगारांच्या एका क्लबला लागून असलेल्या आवारात लुई डिमशुट्झ आपली तट्टूगाडी घेऊन शिरला, तेव्हा तट्टू बुजले. तेथे एलिझाबेथ स्ट्राइड पडलेली होती. ती मूळची स्वीडनमधील गॉथेनबर्गजवळची. तिचा गळा चिरलेला होता, पण पोटावर वार नव्हते. गाडी आल्याने खुन्याचे काम अर्धवट राहिले, असा तर्क तेव्हापासून केला जातो. इस्रायल श्वार्ट्झ नावाच्या माणसाने त्याआधी सुमारे पंधरा मिनिटे त्याच जागी एका पुरुषाने एका स्त्रीला खाली पाडताना पाहिल्याचे पोलिसांना सांगितले.

त्याच वेळी, रात्री एक वाजता, कॅथरीन एडोज हिला बिशप्सगेट पोलीस ठाण्यातून सोडण्यात येत होते. दारूच्या नशेत रस्त्यावर पडल्याने तिला संध्याकाळी आणले होते. काही दिवसांपूर्वीच ती आपल्या जोडीदाराबरोबर केंटमधील हॉप्सच्या तोडणीवरून रिकाम्या हातांनी परतली होती. पोलीस शिपाई एडवर्ड वॉटकिन्स दीड वाजता माइटर स्क्वेअरमधून गेला तेव्हा चौक रिकामा होता. पावणेदोनला पुन्हा आला तेव्हा तेथे तिचे प्रेत होते. चेहऱ्यावर घाव होते. डावे मूत्रपिंड आणि गर्भाशय काढून नेलेले होते. एवढे सगळे पंधरा मिनिटांच्या आत, जवळजवळ अंधारात घडले. एक-पस्तीसच्या सुमारास जोसेफ लॉवेंडे या सिगारेट विक्रेत्याने चौकाच्या तोंडाशी तिला एका पुरुषाबरोबर पाहिले होते, पण त्या पुरुषाला पुन्हा ओळखता येणार नाही असे त्याने स्वतःच सांगितले.

माइटर स्क्वेअर ‘सिटी ऑफ लंडन’च्या हद्दीत येतो आणि सिटीचे पोलीस दल मेट्रोपॉलिटन पोलिसांपासून स्वतंत्र आहे. या खुनामुळे तपास दोन दलांत विभागला गेला. त्याचा परिणाम त्याच रात्री दिसला. २ वाजून ५५ मिनिटांनी गोल्स्टन स्ट्रीटवरील एका इमारतीच्या दाराशी एडोजच्या एप्रनचा रक्ताळलेला तुकडा सापडला. त्याच्या वरच्या भिंतीवर खडूने ज्यूंबद्दल एक वाक्य लिहिलेले होते. सिटी पोलिसांना त्याचे छायाचित्र हवे होते. ते ठिकाण मेट्रोपॉलिटन हद्दीत होते. उजाडल्यावर लोकांनी ते वाचले तर दंगल होईल, या भीतीने कमिशनर सर चार्ल्स वॉरन यांनी पहाटे साडेपाचच्या सुमारास ते पुसून टाकायला लावले. दोन दलांच्या माणसांनी त्या वाक्याच्या नोंदी केल्या होत्या, पण त्यांतील शब्दरचना एकसारखी नाही. ते वाक्य खुन्यानेच लिहिले होते की आधीपासून भिंतीवर होते, हे त्यामुळे कधीच ठरवता आले नाही.

पत्रे आणि वृत्तपत्रे

‘जॅक द रिपर’ हे नाव २५ सप्टेंबर १८८८ ही तारीख असलेल्या एका पत्राखाली सही म्हणून प्रथम आले. ते सेंट्रल न्यूज एजन्सी या वृत्तसंस्थेला मिळाले आणि तिने ते पोलिसांकडे दिले. १ ऑक्टोबरला त्याच नावाचे एक पोस्टकार्ड आले. पोलिसांनी दोन्हींच्या प्रती छापून चिकटवल्या, कोणी हस्ताक्षर ओळखेल या आशेने. ओळख पटली नाही, पण नाव सर्वतोमुखी झाले आणि त्या नावाने शेकडो पत्रे येऊ लागली. खोटे पत्र लिहिल्याबद्दल काही जण पकडलेही गेले. मूळ पत्र एखाद्या पत्रकाराचेच असावे, असे स्कॉटलंड यार्डमधील वरिष्ठ अधिकाऱ्यांचे मत होते. माजी चीफ इन्स्पेक्टर जॉन लिटलचाइल्ड यांनी १९१३ मधील एका खासगी पत्रात सेंट्रल न्यूजमधील माणसांवर तसा संशय घेतला आहे.

१६ ऑक्टोबरला व्हाइटचॅपलमधील नागरिकांच्या दक्षता समितीचे अध्यक्ष जॉर्ज लस्क यांना एका खोक्यात मूत्रपिंडाचा अर्धा भाग आणि एक पत्र मिळाले. लंडन हॉस्पिटलचे डॉक्टर ओपनशॉ यांनी ते मूत्रपिंड माणसाचे असल्याचे सांगितले. ते एडोजचे होते की वैद्यकीय विद्यार्थ्यांची क्रूर थट्टा होती, हे तेव्हाच्या विज्ञानाला ठरवता येण्यासारखे नव्हते.

या प्रकरणाला आलेले स्वरूप वृत्तपत्रांशिवाय समजत नाही. १८७० च्या शिक्षण कायद्यानंतर साक्षर वाचकांची एक नवी पिढी तयार झाली होती. अर्ध्या पेनीत मिळणारे ‘द स्टार’ हे सायंदैनिक जानेवारी १८८८ मध्येच सुरू झाले होते. पोलीस माहिती देत नसल्याने वार्ताहर साक्षीदारांना परस्पर गाठत. कॉरोनरच्या, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याच्या, चौकशीतील साक्षी शब्दशः छापल्या जात. आज अभ्यासकांकडे असलेल्या साक्षींचा मोठा भाग याच वृत्तांतांतून आलेला आहे, आणि कित्येक दंतकथांचा उगमही तेथेच आहे. त्याच वृत्तपत्रांनी ईस्ट एंडच्या गरिबीकडे सुखवस्तू लंडनचे लक्ष वेधले. सप्टेंबरमध्ये ‘द स्टार’ला लिहिलेल्या एका उपरोधिक पत्रात बर्नार्ड शॉ यांनी समाजसुधारकांना जे जमले नाही ते या खुन्याने करून दाखवले, असा टोला लगावला होता.

मिलर्स कोर्ट

ऑक्टोबर महिना खुनाविना गेला. ९ नोव्हेंबरला सकाळी पावणेअकराच्या सुमारास डॉर्सेट स्ट्रीटलगतच्या मिलर्स कोर्टमधील १३ क्रमांकाच्या खोलीचे थकलेले भाडे मागायला घरमालकाचा माणूस गेला. खिडकीतून आत पाहिल्यावर त्याला मेरी जेन केलीचे प्रेत दिसले. ती सुमारे पंचवीस वर्षांची होती आणि तिच्याकडे २९ शिलिंग भाडे थकले होते. पाचांपैकी घराच्या आत मारली गेलेली ती एकटीच. कोणी मध्येच येण्याची भीती नसल्याने खुन्याला वेळ मिळाला होता आणि शरीराची विटंबना इतर सर्व खुनांपेक्षा कितीतरी भयंकर होती.

आधी माग काढणारे कुत्रे येणार, या समजुतीने पोलिसांनी दुपारी दीडपर्यंत दार उघडले नाही. कुत्र्यांच्या चाचण्या ऑक्टोबरात लंडनच्या उद्यानांत झाल्या होत्या, पण त्या दिवशी ते उपलब्धच नव्हते. सर चार्ल्स वॉरन यांनी आदल्याच दिवशी राजीनामा दिला होता. कॉरोनर रॉडरिक मॅकडोनल्ड यांनी १२ नोव्हेंबरला एका दिवसात चौकशी गुंडाळली. पहाटे चारच्या सुमारास दोन शेजारणींनी ‘खून’ अशी किंकाळी ऐकली होती. दुसऱ्या एका स्त्रीने केलीला सकाळी साडेआठला जिवंत पाहिल्याची साक्ष दिली. हा विरोध मिटवण्याइतका वेळ चौकशीला दिलाच गेला नाही.

तपास

गुन्हे अन्वेषण विभागाचे प्रमुख जेम्स मन्रो यांनी वॉरनशी झालेल्या वादातून ऑगस्ट १८८८ मध्ये पद सोडले. मन्रो त्यापूर्वी बंगालचे पोलीस महानिरीक्षक होते. त्यांच्या जागी आलेले रॉबर्ट अँडरसन चॅपमनच्या खुनाच्या सुमारास प्रकृतीच्या कारणाने स्वित्झर्लंडला रजेवर गेले. या काळात सर्व कागद चीफ इन्स्पेक्टर डोनाल्ड स्वॉन्सन यांच्याकडे एकवटण्यात आले. प्रत्यक्ष वस्तीतील तपास इन्स्पेक्टर फ्रेडरिक ॲबरलाइन यांनी सांभाळला. त्यांनी या भागात पूर्वी चौदा वर्षे काम केले होते.

ऑक्टोबरमधील अहवालानुसार ८०,००० पत्रके घरोघर वाटली गेली, लॉजिंग हाऊसमधील दोन हजारांहून अधिक लोकांची चौकशी झाली, सुमारे तीनशे जणांच्या हालचाली तपासल्या गेल्या आणि ८० जणांना ताब्यात घेण्यात आले. ७६ खाटीक आणि कत्तलखान्यांच्या मालकांकडे विचारपूस झाली. इनाम जाहीर करण्याची मागणी गृहमंत्री हेन्री मॅथ्यूज यांनी फेटाळली, कारण इनामाच्या लोभाने खोटे आरोप केले जातात असा सरकारचा अनुभव होता. सिटीच्या प्रशासनाने मात्र ५०० पौंडांचे इनाम लावले. केलीच्या खुनानंतर सरकारने खुनी नसलेल्या साथीदाराला माफी देऊ केली. कोणी पुढे आले नाही.

पोलीस निष्काळजी होते असे या आकड्यांवरून म्हणता येत नाही. अडचण साधनांची होती. खुनी आणि मृत स्त्री यांचा पूर्वपरिचय नसेल, तर त्या काळी गुन्हेगार सापडण्याचे मार्ग दोनच होते : प्रत्यक्ष पकडणे किंवा कबुली. सापडलेले रक्त माणसाचे की जनावराचे हे ओळखण्याची खात्रीशीर चाचणी १९०१ मध्ये आली, आणि रक्तगटांचा शोधही त्याच सुमारास लागला. विल्यम हर्शेल यांनी बंगालमध्ये १८५८ पासून कागदपत्रांवर हाताचे आणि बोटांचे ठसे घेतले होते. हेन्री फॉल्ड्स यांनी १८८० मध्ये गुन्हेगार शोधण्यासाठी ठशांचा उपयोग सुचवला होता. स्कॉटलंड यार्डने ती पद्धत स्वीकारली नव्हती. बंगाल पोलिसांत एडवर्ड हेन्री यांनी अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस यांच्या साहाय्याने ठशांची वर्गवारी बसवली. तिच्या आधारे लंडनमध्ये ठसे विभाग सुरू झाला तो १९०१ मध्ये. व्हाइटचॅपलच्या खुनांना तेव्हा दहा वर्षे उलटून गेली होती.

नंतरचे चार मृत्यू

२० डिसेंबर १८८८ रोजी पॉपलर भागात रोझ मायलेट मृत आढळली. तिचा गळा दाबला गेला की मृत्यू नैसर्गिक होता, यावर डॉक्टर आणि पोलीस यांच्यातच वाद झाला. १७ जुलै १८८९ रोजी कॅसल ॲलीत ॲलिस मॅकेंझी हिचा गळ्यावर वार करून खून झाला. त्याच वर्षी १० सप्टेंबरला पिंचिन स्ट्रीटवरील रेल्वे कमानीखाली शिर आणि पाय नसलेले एका स्त्रीचे धड सापडले. तिची ओळख पटली नाही. शरीराचे तुकडे करून टाकण्याचे हे प्रकार लंडनमध्ये १८८७ ते १८८९ या काळात इतरत्रही घडले होते. २ ऑक्टोबर १८८८ रोजी असेच एक धड स्कॉटलंड यार्डच्या नव्या इमारतीच्या बांधकामात मिळाले होते. या तुकड्यांच्या खुनांचा कर्ता वेगळा असावा असे बहुतेकांचे मत आहे, आणि तोही सापडला नाही.

१३ फेब्रुवारी १८९१ रोजी स्वॉलो गार्डन्स या रेल्वेखालच्या बोळात फ्रान्सिस कोल्स मरणासन्न अवस्थेत गस्तीवरच्या शिपायाला आढळली. तिच्याबरोबर आधी दिसलेला जेम्स सॅडलर हा जहाजावरील भट्टीवाला पकडला गेला. पुराव्याअभावी तो सुटला. अकरा प्रकरणांतील हे शेवटचे.

पाच की आणखी?

केलीच्या खुनानंतर १० नोव्हेंबर १८८८ रोजी पोलीस शल्यचिकित्सक टॉमस बाँड यांनी अँडरसन यांना अहवाल दिला. निकोल्स, चॅपमन, स्ट्राइड, एडोज आणि केली यांचे खून एकाच हाताने झाले, असा त्यांचा निष्कर्ष होता. खुन्याला शरीरशास्त्राची तर नाहीच, खाटकाइतकीही माहिती नव्हती, असेही त्यांनी लिहिले. गुन्ह्याच्या पद्धतीवरून गुन्हेगाराच्या स्वभावाचा अंदाज बांधण्याचा हा आरंभीचा प्रयत्न म्हणून तो अहवाल गुन्हेशास्त्रात महत्त्वाचा मानला जातो. पण या पाचांपैकी बाँड यांनी स्वतः तपासले ते फक्त केलीचे प्रेत. बाकी चौघींच्या बाबतीत त्यांच्यासमोर केवळ टिपणे होती. चॅपमनचे प्रेत प्रत्यक्ष पाहणारे फिलिप्स यांचे मत खुन्याच्या कौशल्याबद्दल नेमके उलटे होते.

दुसरा आधार आहे मेल्व्हिल मॅकनॉटन यांच्या टिपणाचा. बंगालमध्ये वडिलांची मालमत्ता सांभाळत असताना त्यांची मन्रोंशी ओळख झाली होती. ते स्कॉटलंड यार्डमध्ये रुजू झाले जून १८८९ मध्ये, म्हणजे केलीच्या खुनानंतर सात महिन्यांनी. २३ फेब्रुवारी १८९४ च्या गोपनीय टिपणात त्यांनी बळी पाच आणि पाचच असे ठामपणे लिहिले. हे टिपण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रसिद्ध झाले आणि आकडा रूढ झाला.

हा आकडा दोन्ही बाजूंनी हलतो. स्ट्राइडच्या खुनात केवळ गळा चिरला गेला. त्यामुळे ती वेगळ्या माणसाच्या हातून मेली असावी असे काही अभ्यासक मानतात. टॅब्रमला तपासाच्या काळात पोलीस आणि वृत्तपत्रे याच मालिकेत धरत होती. जागा, वेळ आणि हल्ल्यातला आवेश यांवरून आजही अनेक जण तिला पहिला बळी मानतात. मॅकेंझीच्या बाबतीत तर खुद्द बाँड यांनीच १८८९ मध्ये हाही खून त्याच माणसाचा असे मत दिले, तर फिलिप्स यांनी ते नाकारले. म्हणजे पाचांचा आकडा ज्यांच्या अहवालावर उभा आहे, ते स्वतः पुढे पाचांवर थांबले नव्हते.

संशयित

मॅकनॉटन यांनी तीन नावे दिली. माँटेग्यू ड्रुइट हा बॅरिस्टर आणि शाळाशिक्षक होता. त्याचे प्रेत ३१ डिसेंबर १८८८ रोजी टेम्स नदीत मिळाले. मॅकनॉटन त्याला ४१ वर्षांचा डॉक्टर म्हणतात, प्रत्यक्षात तो ३१ वर्षांचा होता आणि डॉक्टर नव्हता. मायकेल ऑस्ट्रॉग हा रशियन भामटा खुनांच्या वेळी फ्रान्समध्ये तुरुंगात होता, असे नंतर कागदपत्रांवरून दिसून आले. तिसरे नाव कॉस्मिन्स्की. अँडरसन यांनी १९१० च्या आठवणींत खुनी पोलंडमधून आलेला ज्यू होता आणि साक्षीदाराने त्याला ओळखूनही साक्ष नाकारली असे लिहिले. त्या आठवणींच्या आपल्याजवळच्या प्रतीत स्वॉन्सन यांनी पेन्सिलीने कॉस्मिन्स्की हे नाव नोंदवले. ती नोंद १९८७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात तो लवकरच मेल्याचे म्हटले आहे. ॲरन कॉस्मिन्स्की मात्र १८९१ मध्ये मनोरुग्णालयात दाखल झाला आणि १९१९ पर्यंत जिवंत होता. ॲबरलाइन यांचा संशय तिसरीकडेच होता. तीन स्त्रियांना विष घालून मारणारा आणि १९०३ मध्ये फाशी गेलेला जॉर्ज चॅपमन हाच रिपर, असे त्यांना वाटत होते. तपासाशी जवळचा संबंध असलेल्या अधिकाऱ्यांत असे एकमत नसणे, हाच त्यांच्या हाती पुरावा नव्हता याचा दाखला आहे.

पुढच्या शतकात राणी व्हिक्टोरियाचा नातू प्रिन्स ॲल्बर्ट व्हिक्टर, चित्रकार वॉल्टर सिकर्ट, लिव्हरपूलचा व्यापारी जेम्स मेब्रिक अशी नावे पुढे आली. खुनांच्या तारखांना प्रिन्स लंडनबाहेर असल्याच्या दरबारी नोंदी आहेत. २०१४ मध्ये, आणि शोधनिबंधाच्या रूपाने २०१९ मध्ये, एडोजची म्हणून सांगितल्या जाणाऱ्या एका शालीवरील डीएनए कॉस्मिन्स्कीकडे बोट दाखवतो असा दावा झाला. ती शाल घटनास्थळी असल्याची १८८८ ची एकही नोंद नाही. तपासलेला मायटोकाँड्रियल डीएनए हजारो लोकांत समान असू शकतो, आणि ती वस्तू अनेकांनी हाताळलेली आहे. त्यामुळे तज्ज्ञांनी तो दावा मान्य केलेला नाही.

परिणाम आणि दप्तर

खुनांनंतर पूर्व लंडनमधील दिवाबत्ती आणि घरे यांवरील चर्चेला जोर आला. चार्ल्स बूथ यांच्या लंडनमधील गरिबीच्या पाहणीचा ईस्ट एंडवरील पहिला खंड १८८९ मध्ये निघाला, आणि त्याच वर्षी लंडन काउंटी कौन्सिल अस्तित्वात आले. पुढील वर्षांत फ्लॉवर अँड डीन स्ट्रीटच्या परिसरातील कुप्रसिद्ध घरे पाडून नव्या चाळी उठल्या. बदनामीमुळे बक्स रोचे नाव डरवर्ड स्ट्रीट आणि डॉर्सेट स्ट्रीटचे नाव ड्युव्हल स्ट्रीट झाले. स्वस्त खाटांची घरे गेली, पण तेथे राहणाऱ्यांना नव्या इमारतींचे भाडे परवडणारे नव्हते. ते शेजारच्या गल्ल्यांत दाटीने राहू लागले.

मेट्रोपॉलिटन पोलिसांचे उरलेले कागद लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. त्यांतील बरेच काळाच्या ओघात हरवले किंवा चोरीला गेले. केलीच्या प्रेताविषयीची बाँड यांची टिपणे आणि रिपरचे पहिले पत्र १९८७ मध्ये निनावी टपालाने परत आले. सिटी पोलिसांचे बहुतेक कागद दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बहल्ल्यांत नष्ट झाले. सर्व संशयित, सर्व साक्षीदार आणि तपास करणारे अधिकारी कधीच मरण पावले आहेत. अकरा प्रकरणांपैकी एकही न्यायालयात सिद्ध झालेले नाही. पाच बळींची यादी हे एका डॉक्टरचे अनुमान आणि तपासात सहभागी नसलेल्या एका अधिकाऱ्याचे मत आहे. इतिहासाने ती तेवढ्याच किमतीला घ्यावी.